मधुमेहाचा वाद आणि रक्तातली साक्ष

नागपुरात मधुमेहाची चर्चा निघाली की ती दोन ठरलेल्या टोकांना जाऊन थांबते. एक बाजू म्हणते, दोष आपल्या सवयींचा आहे: सावजीचं तेल, सकाळचा तर्रीपोहा, दिवसभर खुर्ची आणि संध्याकाळी पाय मोकळे करायचा कंटाळा. दुसरी बाजू म्हणते, दोष आपल्याला न विचारता आपल्या अंगात गेलेल्या रसायनांचा आहे: कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख, कापसावरची फवारणी, मे महिन्याच्या उन्हात टेम्पोत तापलेले पाण्याचे जार. पहिल्या बाजूकडे डॉक्टरांचा अनुभव आहे, दुसऱ्या बाजूकडे लोकांचा संताप आहे. पण पुरावा म्हणून दोघेही जे पुढे करतात, ते मूळ प्रश्नाला भिडतच नाही. एक जण पाण्याचा अहवाल दाखवून म्हणतो, सगळं मर्यादेत आहे. दुसरा त्याच अहवालातल्या एका रसायनावर बोट ठेवून म्हणतो, हे बघा विष. पाण्यात काय आहे ते दोघांनाही दिसतंय. ते पाणी प्यायलेल्या माणसाच्या शरीरात काय घडलं, हे मात्र दोघांपैकी कोणीही पाहिलेलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. चयापचय बिघडवणाऱ्या रसायनांचा धोका ठरवायचा तर पाणी, हवा आणि धान्य तपासून भागणार नाही. ज्यांच्या अंगात ही रसायनं जातात त्या माणसांच्या रक्तातली प्रथिनं तपासायला हवीत, तीही एकदाच नव्हे तर वर्षानुवर्षं. आणि त्यासाठी लागणारं रक्त विदर्भात आत्तापासून जपून ठेवायला हवं. ही तपासणी एकेका माणसाला मधुमेह आहे की नाही हे सांगण्यासाठी नाही. एखाद्या गावाला किंवा एखाद्या व्यवसायातल्या लोकांना होऊ घातलेली इजा वेळेत ओळखता यावी, आणि ‘मर्यादा’ कशाच्या आधारावर ठरवली असा जाब विचारता यावा, यासाठी ती हवी.

प्रथिनंच का? कारण ही रसायनं बहुधा पेशी मारत नाहीत, पेशीचं काम बदलतात. बोटींच्या तळाला शिंपले धरू नयेत म्हणून पूर्वी ज्या रंगांचा सर्रास वापर होई, त्यांतलं ट्रायब्युटिल टिन हे उदाहरण घ्या. फेलिक्स ग्रून आणि ब्रूस ब्लूमबर्ग यांनी २००६ मध्ये दाखवलं, की हे रसायन चरबीच्या पेशी घडवणाऱ्या पीपीएआर-गॅमा या ग्राहकाला (पेशीतलं निरोप घेणारं प्रथिन, म्हणजे रिसेप्टर) चालू करतं, आणि गर्भात असताना ते मिळालेल्या उंदरांच्या अंगात पुढे चरबी वाढते. इटलीत पार्मा इथं जमलेल्या शास्त्रज्ञांचं निवेदन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हापासून चयापचय बिघडवणाऱ्या रसायनांचा स्वतंत्र वर्ग मानला जाऊ लागला. विषशास्त्राच्या जुन्या चाचण्या मात्र अजूनही मुख्यतः हेच विचारतात, की प्राणी मेला का, त्याचं वजन घटलं का, यकृत सुजलं का, गाठ झाली का. इन्सुलिनचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचतो का, हे त्या क्वचितच विचारतात. ही उणीव भरून काढण्यासाठीच युरोपीय संघानं २०१९ मध्ये गोलायथ, ओबेरॉन आणि ईडीसीमेट हे तीन प्रकल्प हाती घेतले.

जनुकं वाचून हे कळणार नाही. सातबाऱ्यावर कापूस लिहिलेला असतो, पण शेतात आज काय उभं आहे ते बांधावर गेल्याशिवाय कळत नाही. जनुक आणि प्रथिन यांचं नातं तसंच आहे. माणसाची प्रथिनं घडवणारी जनुकं साधारण वीस हजार आहेत आणि ती जन्मभर जवळपास तीच राहतात. त्यांतल्या कोणत्या जनुकापासून आज किती प्रथिन बनलं, त्यावर पुढे कोणती प्रक्रिया झाली, हे मात्र तासातासाला बदलतं. इन्सुलिन आपल्या ग्राहकाला लागलं की आयआरएस-१, एकेटी ही प्रथिनं एकामागून एक जागी होतात आणि शेवटी ग्लुट-४ हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येऊन साखर आत घेतं. स्नायूतली ही साखळी रक्तात दिसत नाही, ती वाढवलेल्या पेशींत किंवा प्राण्यांत पाहावी लागते. रक्तात उमटतात ते तिचे पडसाद: चरबीतून येणारं ॲडिपोनेक्टिन उतरतं, यकृतातून येणारं एफजीएफ-२१ वाढतं, दाह दाखवणारं सीआरपी वर जातं. ट्रिप्सिन या पाचक विकरानं (एन्झाइमनं) प्रथिनांचे तुकडे करायचे, मास स्पेक्ट्रोमीटरवर त्यांचं वस्तुमान मोजायचं आणि त्यावरून कोणतं प्रथिन किती आहे ते ठरवायचं, अशी ही पद्धत आहे. एकाच नमुन्यातून शेकडो, आता तर हजारो प्रथिनांचा हिशेब मिळतो.

हे सगळं परकं वाटणाऱ्यांनी आपल्या फाइलमधला एचबीए१सीचा रिपोर्ट काढून पाहावा. ती चाचणी म्हणजे तरी काय? हिमोग्लोबिन या प्रथिनाला साखर किती चिकटली आहे याचं मोजमाप. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून गेल्या दोन-तीन महिन्यांची साखर त्या प्रथिनावर नोंदलेली असते. मधुमेहींच्या हिमोग्लोबिनमधला हा फरक सॅम्युअल रहबर यांना तेहरानमध्ये १९६८ साली दिसला. निदानासाठी ही चाचणी अमेरिकन डायबिटीस असोसिएशननं २०१० मध्ये मान्य केली. मधल्या चाळीस वर्षांत वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे एका मापावर आणण्याचं चिवट काम झालं. प्रथिनावरची खूण साक्ष देते, पण ती साक्ष ग्राह्य ठरवायला कष्ट पडतात. पुढचा सगळा युक्तिवाद या दोन गोष्टींवर उभा आहे.

साखरेप्रमाणे विषाचीही खूण प्रथिनावर राहते. याचं सर्वांत जवळचं उदाहरण भोपाळचं आहे आणि आपण ते विसरून गेलो आहोत. १९८४ च्या वायुकांडानंतर असा दावा केला जात होता, की मिथाइल आयसोसायनेट पाण्याशी लगेच संयोग पावतो, त्यामुळे तो डोळे आणि फुप्फुसं जाळेल, पण रक्तात शिरून बाकीच्या शरीराला इजा करणार नाही. या दाव्याचा परिणाम उपचारांवर आणि पुढे भरपाईवरही होणार होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेसाठी (आयसीएमआर) काम करणारे डॉ. श्रीरामाचारी आणि त्यांचे सहकारी यांनी बाधितांच्या हिमोग्लोबिनच्या साखळीच्या टोकाशी असलेल्या व्हॅलीन या अमिनो आम्लावर त्या वायूची रासायनिक खूण दाखवून दिली. वायू रक्तात गेला होता. हवेचा कोणता नमुना हे सांगू शकला असता? हवा केव्हाच वाहून गेली होती.

दुसरं उदाहरण स्वीडनचं. १९९७ मध्ये हॅलंडसोस इथल्या रेल्वे बोगद्यात गळती बुजवण्यासाठी वापरलेल्या रासायनिक मिश्रणातून ॲक्रिलामाइड पाण्यात मिसळलं. मासे मेले, गाई लुळ्या पडल्या. मार्गारेटा टोर्नक्विस्ट यांच्यासारख्या संशोधकांनी बोगद्यातल्या कामगारांच्या हिमोग्लोबिनवर ॲक्रिलामाइडच्या खुणा मोजल्या आणि तुलनेसाठी बोगद्याशी काहीही संबंध नसलेल्या लोकांचं रक्त घेतलं. त्या निरोगी, दूरच्या लोकांच्या रक्तातही खुणा होत्या, कमी असल्या तरी अनपेक्षित. त्या कुठून आल्या, याचा माग काढत संशोधक स्वयंपाकघरात पोचले. २००२ मध्ये स्वीडनच्या अन्न प्रशासनानं जगाला सांगितलं, की बटाटे आणि पीठ जास्त आचेवर तळले-भाजले की ॲक्रिलामाइड आपोआप तयार होतं. कोणत्याही अन्न निरीक्षकानं चिप्सच्या पाकिटात ॲक्रिलामाइड शोधलं नसतं, कारण ते तिथं असेल अशी कोणाला कल्पनाच नव्हती. काय शोधायचं हे ठाऊक असेल तरच पाण्याची आणि अन्नाची तपासणी ते शोधून देते. रक्तातलं प्रथिन आपल्याला न सुचलेल्या गोष्टीचीही नोंद ठेवतं.

आता विरोधातले मुद्दे. त्यांतला सर्वांत भक्कम असा, की प्रथिनं कशानंही हलतात. ताप, बाळंतपण, रात्रपाळी, तंबाखू, रक्तक्षय, नुकतंच झालेलं जेवण, इतकंच काय तर नागपूरचा उन्हाळा, या सगळ्यांनी रक्तातली प्रथिनं बदलतात. मग बदल दिसला म्हणून इजा झाली असं कसं म्हणायचं? हा आक्षेप हवेतला नाही. प्लास्टिकमध्ये वापरल्या जाणाऱ्या बिसफेनॉल-ए या रसायनाची रोजची सुरक्षित मात्रा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २००६ मध्ये शरीराच्या दर किलोमागे ५० मायक्रोग्रॅम धरली होती, २०१५ मध्ये ४ मायक्रोग्रॅम, आणि २०२३ मध्ये थेट ०.२ नॅनोग्रॅम. सतरा वर्षांत अडीच लाख पटींनी कपात. २०२३ चा आकडा मुख्यतः उंदरांमधल्या एका प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशींच्या वाढीवर बेतलेला होता. ही मधली खूण आहे, तिच्यातून पुढे आजार होतोच असं सिद्ध नाही, असं म्हणत जर्मनीच्या धोका-मूल्यमापन संस्थेनं आपला वेगळा आकडा मांडला, तो हजार पट जास्त. दोन्हीकडे जाणते शास्त्रज्ञ होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या अहवालातली अशा रसायनांची व्याख्याही संप्रेरकांचं (हार्मोन्सचं) काम बदललं एवढ्यावर थांबत नाही, त्यातून आरोग्याला अपाय झाला पाहिजे असं ती म्हणते.

हे सगळं मान्य करूनही मी माझ्या मुद्द्यावर ठाम आहे, कारण या वादातून निघणारा निष्कर्ष ‘मधल्या खुणा पाहू नका’ असा नाही, ‘एकट्या खुणेवर मर्यादा ठरवू नका’ असा आहे. एकाच माणसाच्या रक्तात रसायनही मोजलं, प्रथिनंही मोजली, पुन्हा दोन वर्षांनी मोजली, आणि रसायन आधी, प्रथिनांतला बदल त्यानंतर, साखरेतली वाढ सर्वांत शेवटी असा क्रम अनेक माणसांत सापडला, त्यातही जास्त रसायनाबरोबर जास्त बदल दिसला, तर ताप आणि रात्रपाळी हे उत्तर पुरत नाही. रेणूच्या पातळीवरच्या पहिल्या धक्क्यापासून आजारापर्यंतची एकेक पायरी पुराव्यानं जोडायची, ही चौकट ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेनं २०१२ पासून उभी केली आहे. प्रथिनं त्यातल्या मधल्या पायऱ्यांवर बसतात. त्या पायऱ्या रिकाम्या ठेवल्या तर एका टोकाला पाण्याचा अहवाल आणि दुसऱ्या टोकाला मधुमेहाचा रुग्ण एवढंच हातात उरतं, आणि मधल्या अंधारात ज्याला जे सोयीचं ते तो भरतो.

माणसामाणसांतल्या फरकाचं उत्तर तर पन्नास वर्षं जुनं आहे. ऑर्गेनोफॉस्फेट कीटकनाशकं कोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात. विकर म्हणजे प्रथिनच. त्याची नैसर्गिक पातळी प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून कॅलिफोर्नियात १९७४ पासून नियम आहे, की फवारणीचं काम करणाऱ्याचं रक्त कामाला लागण्याआधी तपासायचं आणि नंतर त्याची तुलना त्याच्याच आधीच्या आकड्याशी करायची. लाल पेशींतली पातळी मूळच्या ७० टक्क्यांवर आली की त्या माणसाला फवारणीच्या कामावरून बाजूला करायचं. चक्कर येईपर्यंत थांबायचं नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. त्या वेळी वापरलेली सगळीच औषधं या गटातली नव्हती, त्यामुळे ही एक चाचणी सगळ्यांना वाचवू शकली असती असं मी म्हणणार नाही. पण फवारणीआधीचा आकडाच नसेल तर घसरण कशावरून ओळखणार? आणि ज्यांना त्या वेळी काहीच जाणवलं नाही, ज्यांच्या अंगात थोडंथोडं वर्षानुवर्षं जातंय, त्यांचं काय? मदुराई कामराज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्येच दाखवलं, की आतड्यातले जिवाणू ऑर्गेनोफॉस्फेटचं विघटन करतात आणि त्यातून उंदरांत साखरेचं नियंत्रण बिघडतं. तमिळनाडूच्या गावांतल्या पाहणीतही त्यांना अशा कीटकनाशकांचा आणि मधुमेहाचा संबंध आढळला. काटोल-नरखेडच्या संत्राबागांत आणि कापसाच्या पट्ट्यात हे कोणी पाहायचं?

दुसरा आक्षेप जुन्या फसगतीचा. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दावा प्रसिद्ध झाला, की रक्तातल्या प्रथिनांच्या ठेवणीवरून अंडाशयाचा कर्करोग जवळपास अचूक ओळखता येतो. केवढी आशा निर्माण झाली होती! मग कीथ बॅगर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा दिसलं की रुग्ण आणि निरोगी यांच्यातला बराच फरक नमुने यंत्रावर कसे आणि केव्हा चालवले यातून आला असावा. या क्षेत्रानं तो धडा मोठी किंमत मोजून घेतला. पण ती चूक उघडी कशामुळे पडली? आकडे खुले होते म्हणून. म्हणूनच नमुन्यांचा क्रम मिसळलेला असावा, कोणता नमुना कोणाचा हे यंत्र चालवणाऱ्याला ठाऊक नसावं, दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच निकाल यावा आणि आकडे सर्वांना पाहता यावेत, या अटींशिवाय असा अभ्यास मला नको आहे. उद्या कुठल्या खासगी लॅबनं ‘विषारी रसायन प्रोटीन पॅकेज’ विकायला काढलं तर त्याला सर्वांत आधी माझा विरोध असेल.

जीवनशैलीच्या बाजूचा सर्वांत चांगला पुरावा आपल्याच महाराष्ट्रातून आला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलं, की आपली बाळं वजनानं हलकी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण तुलनेनं जास्त असतं, आणि मधुमेहाची बीजं आईच्या पोषणात आहेत. हे खरं आहे आणि मोलाचं आहे. पण गर्भातच चयापचयाची दिशा ठरते हे एकदा मानलं, तर त्याच गर्भात नाळेवाटे पोचणारी रसायनं विचारातून वगळायची कशी? ट्रायब्युटिल टिननं उंदरांत बदल केला तो गर्भातच. ताट विरुद्ध विष हा वाद इथं मोडतो. दोन्ही त्याच यकृतात आणि त्याच चरबीत येऊन मिळतात. देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह असल्याचं आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ च्या अहवालानं सांगितलं. एवढ्या लोकांपुढे अर्धंच कारण ठेवून चालायचं नाही. आणि जाता जाता हेही: डॉ. याज्ञिकांचा पुण्याजवळच्या सहा गावांतला अभ्यास १९९३ पासून चालू आहे. आपल्याकडे इतकी वर्षं चिकाटीनं काम होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी त्या गावांकडे पाहावं.

राहिला खर्च. जिथं साधी औषधं संपतात तिथं कोट्यवधींचं यंत्र कशाला, हा प्रश्न नागपूरच्या मेडिकल या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीबाहेर रांगेत उभं राहिलेल्या कोणालाही पडेल, आणि तो योग्यच आहे. माझं उत्तर: यंत्र घेऊच नका. आज गरज आहे ती रक्त गोठवून ठेवण्याची. इटलीतल्या सेवेसो इथं १९७६ मध्ये कारखान्यातून डायॉक्सिन हे विष बाहेर पडलं. रक्ताच्या थोड्याशा नमुन्यातलं डायॉक्सिन मोजण्याचं तंत्र तेव्हा नव्हतं. तरीही पाओलो मोकारेल्ली यांनी हजारो लोकांच्या रक्तद्रवाचे नमुने गोठवून ठेवले. दहा-बारा वर्षांनी तंत्र आलं, नमुने उघडले गेले, आणि कोणाच्या अंगात नेमकं किती विष गेलं होतं ते कळलं. त्याच आधारावर १९९६ मध्ये सेवेसोच्या स्त्रियांचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. २०१३ मध्ये त्यातून निघालं, की डायॉक्सिनचा आणि मधुमेहाचा थेट संबंध या स्त्रियांत दिसत नाही, मात्र अपघाताच्या वेळी ज्या बारा वर्षांच्या आतल्या मुली होत्या त्यांच्यात चयापचयाच्या बिघाडाचा संबंध दिसतो. असं नेमकं उत्तर, काय झालं आणि काय नाही झालं हे दोन्ही सांगणारं, जपलेल्या रक्ताशिवाय मिळालंच नसतं. भोपाळमध्ये मात्र आयसीएमआरचे अभ्यास १९९४ मध्ये थांबले.

नागपूरला तर सुरुवात शून्यापासून करायची नाही. पाणी आणि हवेतली रसायनं मोजणारी नीरी ही राष्ट्रीय संशोधन संस्था इथं १९५८ पासून आहे. मेडिकल, मेयो, एम्स ही रुग्णालयं आणि पलीकडे सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. क्षयाच्या मेंदूज्वरात पाठीच्या पाण्यातली प्रथिनं शोधण्याचं काम बजाजनगरच्या सीआयआयएमएस या रुग्णालयात झालेलं आहे. मास स्पेक्ट्रोमीटर पवईच्या आयआयटीत आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) आहेत, नमुने तिथं पाठवता येतात. इथं लागतील ते उणे ८० अंशांचे फ्रीझर, मे महिन्यातही खात्रीची वीज, आणि गावात ओळख असलेल्या आशाताई. रक्त घ्यायचं ते फवारणी करणाऱ्यांचं, हंगामाआधी आणि हंगामानंतर; कोराडी-खापरखेड्याच्या राखेजवळच्या वस्त्यांतलं; नाग नदीचं पाणी कन्हानमार्गे वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या जलाशयात जातं, त्या काठच्या गावांतलं. आणि यांपैकी कुठेही न राहणाऱ्या, कार्यालयात बसून काम करणाऱ्या नागपूरकरांचंही. हॅलंडसोसमध्ये खरा शोध त्या ‘संबंध नसलेल्या’ लोकांच्या रक्तातच लागला होता. संमतिपत्र मराठीत, गोंडी बोलणाऱ्यांसाठी गोंडीत वाचून दाखवलेलं. निकाल आधी रक्त देणाऱ्यांना, मग सरकारला.

एक भीती मलाही वाटते. ‘अभ्यास चालू आहे’ हे कारखान्याचं आणि खात्याचं आवडतं वाक्य ठरू शकतं. त्यावर आपल्याच सर्वोच्च न्यायालयाचं उदाहरण आहे. केरळातल्या कासरगोडच्या काजूबागांवरच्या हवाई फवारणीनंतर व्यंग घेऊन जन्मलेली मुलं देशानं पाहिली, आणि मे २०११ मध्ये न्यायालयानं एंडोसल्फान या कीटकनाशकावर देशभर बंदी घातली, ती अंतिम शास्त्रीय निकालाची वाट न पाहता. इजा डोळ्यांसमोर असेल तिथं आधी थांबवायचं. प्रथिनांचा अभ्यास आहे तो जिथं इजा अजून डोळ्यांना दिसत नाही तिथल्यासाठी.

आणि याचा खर्च कोणी करायचा, हेही कायद्याच्याच भाषेत विचारता येतं. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेनुसार मोठा प्रकल्प येण्याआधी परिसरातल्या हवेची, पाण्याची, मातीची, आवाजाची मूळ स्थिती नोंदवावी लागते आणि मग जनसुनावणी होते. त्या यादीत प्रकल्पाभोवती राहणाऱ्या, राजीखुशीनं तयार असलेल्या लोकांच्या रक्ताचा नमुना का असू नये? तो प्रकल्पाच्या पैशानं घेतला जावा, पण प्रकल्पाच्या ताब्यात न राहता सरकारी महाविद्यालयात जपला जावा. विदर्भात यापुढे होणाऱ्या प्रत्येक जनसुनावणीत, माइक हातात आल्यावर पाण्याच्या अहवालावर भांडण्याआधी, गावकऱ्यांनी ही मागणी लेखी देऊन तिची पोच घ्यावी.